नांदेडहून मुंबईत इमर्जन्सी नर्स म्हणून यायचंय, तीन ठिकाणांहून बोलावणं आहे. हॉस्पिटल कसं निवडू?

सिस्टर, तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालंय, नांदेडच्या एका खाजगी हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत (म्हणजे इमर्जन्सीत) चार वर्षं काढलीत, मुंबईत राहायची सोय डोंबिवलीला मावशीकडे आहे. पर्याय तीन. अंधेरीकडचं मोठं कॉर्पोरेट, परळ-दादर भागातलं जुनं ट्रस्टचं हॉस्पिटल आणि महापालिकेच्या रुग्णालयातली कंत्राटी जागा. पगार अंधेरीचा जास्त, म्हणून मन तिकडे ओढतंय.

मी ट्रस्ट आणि कॉर्पोरेट दोन्हीकडे इमर्जन्सीतच काम केलंय. आता इनचार्ज आहे, नवीन मुलींच्या मुलाखतीला टेबलाच्या पलीकडे बसते. माझ्या मते एकच गोष्ट आधी शोधून काढा: त्या इमर्जन्सीची रात्र कशी जाते. दिवसा सगळीच हॉस्पिटलं चांगली दिसतात. मेट्रन राउंडला असतात, कन्सल्टंट ओपीडीत असतात, क्वालिटीवाल्या मॅडम फाइल घेऊन फिरत असतात. रात्री अकरानंतर किती सिस्टर उरतात, डॉक्टर कोण असतो आणि वर आयसीयूत बेड नसला तर पेशंट कुठे ठेवतात, यावर तुमची पुढची दोन-तीन वर्षं कशी जाणार ते ठरतं.

त्यातलं शेवटचं जरा सविस्तर सांगते, कारण मुंबईत सगळ्यात जास्त दमछाक त्यानेच होते. इथल्या मोठ्या हॉस्पिटलांचे आयसीयू सहसा भरलेले असतात. संध्याकाळी आलेला पेशंट इन्ट्युबेट होतो (श्वासनलिकेत नळी घातली जाते), व्हेंटिलेटरवर जातो आणि वर बेड रिकामा नाही म्हणून पहाटेपर्यंत इमर्जन्सीतच पडून राहतो. कागदावर तो आयसीयूचा, प्रत्यक्षात तुमचा. व्हेंटिलेटरच्या पेशंटला एकास एक सिस्टर हा हिशेब सगळ्यांना तोंडपाठ असतो. पण इमर्जन्सीत त्याच सिस्टरकडे शेजारच्या बेडवर छातीत दुखणारे काका असतात, त्यापलीकडे तापाने फणफणलेलं बाळ, आणि दारात १०८ येऊन उभी. इकडे नॉरअॅडचा (बीपी टिकवणाऱ्या औषधाचा) पंप संपत आल्याचा अलार्म, तासाचं युरिन लिहायचं राहिलंय, सक्शन करायचंय. तिकडे काकांचा ईसीजी दहा मिनिटांच्या आत निघायला हवा. दोन हातांनी यातलं काहीतरी राहतंच. जे राहतं त्याचा इन्सिडंट फॉर्म सकाळी तुमच्या नावाने भरला जातो, रोस्टर लावणाऱ्याच्या नावाने नाही.

म्हणून मुलाखतीत सरळ विचारा: आयसीयूचे होल्ड पेशंट (वरच्या बेडची वाट पाहत थांबलेले) इमर्जन्सीत किती वेळ राहतात, आणि त्यांच्यासाठी वरून सिस्टर खाली येते का? ज्या हॉस्पिटलने यावर विचार केलाय तिथे उत्तर लगेच मिळतं. कोणी म्हणेल, ठरावीक वेळेच्या वर होल्ड गेला की आयसीयूची सिस्टर येते. कोणी म्हणेल, वरून कोणी येत नाही, पण होल्डसाठी आम्ही एक सिस्टर वेगळी ठेवतो. दोन्ही चालेल. ‘आम्ही सगळे टीम म्हणून मॅनेज करतो’ असं उत्तर आलं तर कोणीच येत नाही असं समजा. हे वाक्य टेबलाच्या अलीकडून आणि पलीकडून दोन्हीकडून ऐकलंय मी, त्याचा दुसरा अर्थ मला अजून तरी सापडलेला नाही.

याच्याच जोडीचा दुसरा प्रश्न पुलिंगचा. वॉर्डात कोणी सिक लिव्ह टाकली की इमर्जन्सीची सिस्टर उचलून वर पाठवायची, हे कुठे क्वचित होतं आणि कुठे रोजच होतं. ‘तुमच्याकडे आत्ता पेशंट नाहीत ना’ असं सुपरवायझर म्हणतात आणि पुढच्या वीस मिनिटांत तीन अँब्युलन्स लागतात. नेमणूक पत्रात विभाग ‘इमर्जन्सी’ असा लिहून देणार की नुसतं ‘स्टाफ नर्स’, ते बघा. नुसतं स्टाफ नर्स असेल तर तुम्हाला सहा महिन्यांनी डायलिसिसलाही पाठवू शकतात, आणि तुम्हाला काही बोलता येणार नाही.

आता विचारून कळत नाही असं काही. मुलाखतीच्या आदल्या दिवशी मुंबईत पोचणार असाल तर रात्री नऊ-साडेनऊला त्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीबाहेरच्या खुर्च्यांवर अर्धा तास नुसतं बसा. कोणी हटकत नाही, मुंबईत हॉस्पिटलबाहेर बसलेला प्रत्येक माणूस कोणाचा तरी नातेवाईकच असतो. पेशंट आल्यावर त्याच्यापर्यंत आधी कोण पोचतं ते पाहा: ट्राएजची (कोण किती गंभीर ते ठरवणारी) सिस्टर, की डिपॉझिटचा कागद घेतलेला बिलिंगचा मुलगा? सीटी स्कॅनला ट्रॉली कोण ढकलतंय? मामा आणि मावशी (वॉर्डबॉय आणि आया) पुरेसे नसतील तर सिस्टरच ढकलते, आणि तेवढा वेळ तिचे बाकीचे पेशंट वाऱ्यावर. नातेवाइकांचा आवाज चढला की सिक्युरिटी आत येते की दारातच उभी राहते?

मुलाखतीनंतर डिपार्टमेंट दाखवा म्हणा. नकार मिळाला तर तेही एक उत्तरच. आत गेलात की क्रॅश कार्टपाशी (तातडीच्या औषधांची सीलबंद ट्रॉली) थांबा. सीलचा नंबर आणि रजिस्टरमधला नंबर एकच आहे का ते बघा, आणि सह्या बघा. शिफ्टगणिक वेगवेगळ्या अक्षरांत, घाईघाईत, कुठे वेळ खोडून पुन्हा लिहिलेली अशा सह्या असतील तर कार्ट खरोखर तपासली जाते. आठवडाभराच्या सगळ्या सह्या एकाच पेनाने, एका ओळीत, छान गिरवल्यासारख्या असतील तर त्या ऑडिटच्या आदल्या रात्री झाल्यात. भिंतीवरच्या एनएबीएचच्या (हॉस्पिटलच्या दर्जाची मान्यता) सर्टिफिकेटपेक्षा ते पान मला जास्त सांगतं. एनएबीएच असू नये असं नाही, असलं तर निदान नियम कागदावर असतात आणि वेळ आली की ते दाखवून भांडता येतं.

तुमच्या तीन पर्यायांपैकी महापालिकेचं आधी. शिकायला त्याच्यासारखी जागा नाही, हे कोणीही सांगेल. केईएम, सायन, नायर, कूपर, घाटकोपरचं राजावाडी, इथे लोकलमधून पडलेले येतात, हायवेचे अपघात येतात, दहीहंडीला गोविंदा येतात, पावसाळ्यात लेप्टो आणि मलेरिया येतो. एमएलसी (पोलिसांना कळवायची केस) कशी नोंदवायची, पोलिसांशी कसं बोलायचं, मास कॅज्युअल्टीत कोणाला आधी घ्यायचं हे तिथे महिन्याभरात अंगवळणी पडतं. २०१७ साली एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर चेंगराचेंगरी झाली तेव्हा जखमी आले ते केईएमलाच. पण तुमची जागा कंत्राटी आहे. करार थेट महापालिकेशी की मधल्या एजन्सीशी, पीएफ कोणाच्या नावाने भरला जाणार, करार किती महिन्यांचा, हे लेखी बघितल्याशिवाय नांदेडची नोकरी सोडू नका. आणि ‘आत शिरा, पुढे परमनंट करतील’ असं कोणी सांगितलं तर नमस्कार करून निघा. परमनंट भरती जाहिरातीने आणि परीक्षेनेच होते. महापालिकेची वेगळी, जेजे-सेंट जॉर्जसारख्या राज्य सरकारच्या रुग्णालयांची वेगळी. ती परीक्षा तुम्ही कुठेही नोकरी करत असताना देऊ शकता, आणि द्याच.

कॉर्पोरेटला हार्ट अटॅक आणि स्ट्रोक उत्तम शिकाल. कॅथलॅब (अँजिओप्लास्टीची खोली) चोवीस तास, डोअर-टू-बलून (पेशंट दारात आल्यापासून अँजिओप्लास्टीचा फुगा फुगेपर्यंतचा वेळ) नव्वद मिनिटांच्या आत आणायचं म्हणून सगळे धावतात, तुमचीही शिस्त त्यात पक्की होते. पॉलिट्रॉमा (एकाच पेशंटला अनेक गंभीर जखमा) मात्र कमी दिसेल.

पगाराचं बोलू. अंधेरीवाल्यांनी सांगितलेला आकडा सीटीसी (हॉस्पिटलचा तुमच्यावरचा एकूण खर्च) असणार. त्यातून तुमचा पीएफ, त्यांचा पीएफ, ग्रॅच्युइटी, कधीकधी विमा आणि युनिफॉर्मसुद्धा वजा करा आणि हातात किती येणार ते विचारा. ट्रस्टवाले बहुतेक वेळा ग्रॉस किंवा इन-हँड सांगतात, म्हणून त्यांचा आकडा उगाच लहान वाटतो. दोन्ही एका कागदावर मांडा, फरक बराच आटतो. प्रोफेशनल टॅक्स महाराष्ट्रात बायकांना महिना २५ हजारांपर्यंत लागत नाही. ईएसआयची (सरकारी आरोग्य विम्याची) मर्यादा २१ हजार; त्याच्या किंचित वर पगार असेल तर ईएसआय जातं, मग हॉस्पिटलचा स्वतःचा मेडिक्लेम आहे का, आणि आई-वडील त्यात बसतात का, ते विचारा. नाइट अलाउन्स किती, आणि तो दर नाइटला की महिन्याला ठोक, हेही. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून केंद्राने नेमलेल्या समितीने २०० च्या वर बेड असलेल्या खाजगी हॉस्पिटलने राज्य सरकारच्या नर्सइतका पगार द्यावा, आणि ५० पेक्षा कमी बेडच्या ठिकाणीही २० हजारांच्या खाली जाऊ नये असं सुचवलं होतं. शिफारस आहे, सक्ती नाही. पण घासाघीस करताना आकडा माहीत असलेला बरा.

बाँड (ठरावीक काळ नोकरी सोडणार नाही असं लिहून घेणं) आणि ओरिजिनल सर्टिफिकेट याबाबतीत मी कडक आहे. ओरिजिनल दाखवायची, झेरॉक्सवर सही करून द्यायची, ओरिजिनल पुन्हा पिशवीत. ‘सगळ्यांचीच आमच्याकडे असतात’ म्हणाले तरी नाही. २०११ साली मुंबईतल्या खाजगी हॉस्पिटलांमधल्या सिस्टर याच दोन गोष्टींवरून संपावर गेल्या होत्या, आणि तरीही मला आजही कुठेतरी कपाटात सर्टिफिकेट अडकलेली मुलगी भेटते. नोटीस पिरियड महिन्याचा असेल तर ठीक, तीन महिन्यांचा असेल तर तुमची पुढची प्रत्येक नोकरी त्यावर अडेल.

आणखी एक, जे तुम्ही विचारलं नाहीत. पुढे गल्फ डोक्यात असेल तर तिथल्या परवान्यासाठी डेटाफ्लोचं (कागदपत्रं खरी आहेत का ते तपासणारी कंपनी) व्हेरिफिकेशन लागतं, आणि ते तुमच्या जुन्या हॉस्पिटलच्या एचआरकडे थेट ईमेल करतात. उत्तरच न देणाऱ्या एचआरमुळे अनुभव असून नसल्यासारखा होतो. तिथून बाहेर पडलेल्या एखाद्या सिस्टरला गाठा आणि रिलीव्हिंग लेटर किती दिवसांत मिळालं एवढं विचारा. हॉस्पिटलची बरीचशी पत्रिका त्यात कळते.

नातेवाइकांकडून होणाऱ्या मारहाणीचं: महाराष्ट्रात २०१० पासून कायदा आहे, डॉक्टरइतकाच तो सिस्टरलाही लागू आहे. गुन्हा अजामीनपात्र, तीन वर्षांपर्यंत कैद. प्रश्न एवढाच की पोलीस स्टेशनला हॉस्पिटलचा माणूस जातो, की नाइट संपवून तुम्हीच जायचं.

आता डोंबिवली. परळ-दादर तुम्हाला सरळ पडतं. अंधेरीला जायचं तर दादरला गाडी बदला नाहीतर घाटकोपरहून मेट्रो घ्या, म्हणजे दोन्ही वेळेला एक गर्दी जास्त. गंमत अशी की नाइट करणाऱ्या सिस्टरला सेंट्रल लाइन बरी पडते: संध्याकाळी सगळं जग कल्याणकडे येत असताना तुम्ही उलट्या दिशेला, सकाळी जग कामाला निघताना तुम्ही घरी. बसायलासुद्धा मिळतं. खरा त्रास मॉर्निंग शिफ्टचा, सातला ओव्हर (आधीच्या शिफ्टकडून पेशंटचा ताबा) घ्यायची तर डोंबिवलीहून साडेपाचच्या आधी निघावं लागतं. ईव्हनिंग नऊला सुटते म्हणतात पण ओव्हर देऊन निघेपर्यंत दहा होतात; शेवटची लोकल बारानंतर असते, तेवढा धीर. हॉस्पिटलचं हॉस्टेल असेल तर पहिले सहा महिने तरी घ्या. जुलैत हिंदमाता आणि सायनला पाणी भरलं की रिलीव्हर (पुढच्या शिफ्टची सिस्टर) येत नाही आणि तुमची डबल ड्युटी होते. त्या दिवशी झोपायला जागा, जेवण आणि कॉम्प ऑफ (बदली सुट्टी) देतात का, हे ट्रस्टवाल्यांना नक्की विचारा.

रजिस्ट्रेशनची काळजी नको, नांदेड आणि मुंबई दोन्ही महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलखालीच येतात. रिन्यूअल चालू आहे ना तेवढं तपासा. बीएलएस-एसीएलएस (जीव वाचवण्याच्या प्रशिक्षणाचं सर्टिफिकेट) दोन वर्षांनी संपतं, नव्याने करायचा खर्च कोणाचा ते ऑफर लेटरमध्ये लिहून घ्या.

माझा कल ट्रस्टकडे आहे, होल्ड पेशंटच्या प्रश्नाचं उत्तर तिथे धड मिळालं तर. नाही मिळालं आणि अंधेरीत मिळालं, तर प्रवास सोसून अंधेरी. दोन्हीकडचे पगाराचे ब्रेकअप आले की नावं झाकून इथे टाका, बघून सांगते.