सात इंचांच्या टॅबवर नातीची भूमिती

प्रश्न : नात यंदा नववीत गेली. घरात मोठा मोबाईल एकच, तो मुलगा शेतात घेऊन जातो, त्यामुळे लेकराला अभ्यासाला रात्री नऊनंतरच मिळतो. जिंतूरच्या एका दुकानदाराने सात इंची टॅब दाखवला. २ जीबी रॅम, ३२ जीबी मेमरी, सिमही बसतं, किंमत साडेपाच हजार. सगळी पुस्तकं यातच येतात, विकत घ्यायची गरज नाही, असं तो म्हणतो. सोयाबीनचे पैसे हातात आहेत. घ्यावा का? मलाही दुपारी त्यावर पेपर वाचता आला तर बरं.
— एक आजोबा, ता. जिंतूर, जि. परभणी

उत्तर : काका, पैसे दिले नसतील तर चार दिवस थांबा. परभणीत मोबाईल-टॅब दुरुस्त करायला बसतो त्याला सोळा वर्षं झाली, आणि असे टॅब माझ्या टेबलावर दर आठवड्याला येतात. ते का येतात हे सांगितलं तर तुम्हाला ठरवायला सोपं जाईल.

आधी पट्टी घ्या. सात इंच हे माप पडद्याच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचं, तिरकं. टॅब उभा धरला की रुंदी भरते जेमतेम ९ सेंटिमीटर. तुमच्या मुलाचा साडेसहा इंची मोबाईल असाच मोजा, पावणेसात सेंटिमीटरच्या आसपास येईल. म्हणजे साडेपाच हजार रुपये देऊन पडदा रुंद झाला सव्वादोन सेंटिमीटरने. पुस्तकाचं पान साधारण ए-फोर कागदाएवढं, २१ सेंटिमीटर रुंद. ते ९ सेंटिमीटरमध्ये बसवलं की अक्षर निम्म्याहूनही बारीक होतं.

बारीक तर होतंच, ते फुटतंही. या किमतीच्या सात इंची टॅबचा पडदा बहुतेक १०२४ गुणिले ६०० ठिपक्यांचा (पिक्सेलचा) असतो; चित्र, अक्षर सगळं या ठिपक्यांतूनच उमटतं. उभा धरला की पानाच्या सगळ्या रुंदीला मिळून ६०० ठिपके. इंग्रजी अक्षर एवढ्यात कसंबसं निभावतं. आपल्या अक्षराला वर रफार, मात्रा, अनुस्वार आणि खाली उकार, ते सगळं दोन-तीन ठिपक्यांत कोंबलं जातं. मागे एका मुलीच्या टॅबवर गणित भाग दोनमधलं समांतर रेषांचं प्रकरण उघडून बघितलं. ‘समांतर’वरचा अनुस्वार शिरोरेषेत बुडून गेला होता आणि कोनाच्या खुणेशेजारचं अक्षर a आहे की d, ते मला भिंगाशिवाय कळेना. पोरगी म्हणाली, मी अंदाजाने वाचते. तेव्हापासून मी गिऱ्हाइकाला आधी पानच उघडून दाखवतो.

आडवा धरा असं दुकानदार सांगेल. आडवा धरला की अक्षर मोठं होतं हे खरं, पण पानाचा वरचा दोन पंचमांश भागच दिसतो. आकृती वर, सिद्धता खाली. एक ओळ वाचायची, आकृती बघायला वर सरकवायचं, परत खाली यायचं. भूमिती अशी शिकता येत नाही. म्हणून ‘पुस्तकं विकत घ्यायची गरज नाही’ हे तुम्ही अजिबात ऐकू नका. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात, ती असू द्यावीत, पण मोफत छापील पुस्तकं आठवीपर्यंतच मिळतात, नववीची विकत आणावी लागतात, आणि ती तुम्ही आणाच. टॅबच्या मानाने तो खर्च किरकोळ आहे.

दुकानात जाताना नातीला आणि तिचं एक पुस्तक सोबत न्या. पुस्तकात क्यूआर कोड छापलेले असतात. दीक्षा हे सरकारचं अभ्यासाचं ॲप उघडून तो कोड तिथल्या तिथे स्कॅन करायला लावा. स्वस्त टॅबच्या मागच्या कॅमेऱ्याला बऱ्याचदा फोकस जुळवताच येत नाही, जवळचा कोड धूसरच राहतो. मग टॅब टेबलावर सपाट ठेवून डावीकडून, उजवीकडून आणि खालून बघा. रंग उलटे-काळपट दिसले तर पडदा हलक्या जातीचा. शेजारी बसलेल्या भावंडाला त्यात काही दिसणार नाही.

रॅमचं, म्हणजे चालू कामापुरत्या तात्पुरत्या जागेचं, थोडक्यात : अँड्रॉइड १३ पासून गूगलने छोट्यातल्या छोट्या यंत्रालाही किमान २ जीबीची अट घातली आहे. तेव्हा २ म्हणजे आज तळ. व्हिडिओ चालू असताना पीडीएफ उघडली की व्हिडिओ बंद पडणार. खोक्यावर ‘२ अधिक २’ लिहिलेलं असेल तर दुसरे २ मेमरीतून उसने घेतलेले असतात, ते धरू नका.

बॅटरीबद्दल मात्र सविस्तर सांगतो, कारण आपल्याकडचा उन्हाळा. गेल्या मे महिन्यात एक जण टॅब घेऊन आला, पडदा एका बाजूने उचललेला, फटीत नख जाईल एवढी जागा. आतली बॅटरी पापडासारखी फुगली होती. पत्र्याच्या खोलीत, खिडकीत, दिवसभर चार्जिंगला. ४२-४३ अंशांत पत्र्याखाली काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको. असा टॅब दाबून बसवायचा नसतो, बॅटरीला टोचायचं तर नाहीच. कुठलाही घ्या, पण चार्जिंग पहाटे किंवा रात्री, घरातल्या थंड कोपऱ्यात, कुणी जागं असताना. चार्जरही बघा : १ अँपिअरच्या चार्जरवर ५००० एमएएचची बॅटरी भरायला सहा तास सहज लागतात, आणि रात्रीच्या भारनियमनात तेवढी सलग वीज मिळेलच असं नाही. चार्जरची पिन जुनी, चपटी असेल तर तो टॅब ठेवून द्या. लेकरं ओढतात, सॉकेट बोर्डावरून उखडतं, आणि असं उखडलेलं दर वेळी नीट बसवता येत नाही.

मग घ्यायचं काय? पावणेनऊ इंचांच्या आसपासचा, ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी मेमरीचा. ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेला सॅमसंगचा गॅलेक्सी टॅब ए-नाइन या मापाचा आहे : ८.७ इंच, १३४० गुणिले ८०० ठिपके. आडवा धरला की रुंदी १९ सेंटिमीटर भरते, अक्षर जवळपास पुस्तकाएवढं. पान त्यातही एका वेळी पूर्ण दिसत नाही, पण व्हिडिओ, शब्दकोश आणि सरावाच्या प्रश्नपत्रिका यांना पुरतो. त्याला दुप्पट पैसे लागतील हे मला कळतं. एकदम जमत नसतील तर आता नुसती पुस्तकं घ्या आणि मुलाचा मोबाईल संध्याकाळी सात ते नऊ नातीसाठी ठरवून टाका. तूर निघाली की टॅबचं बघू. साडेपाच हजारांत घाई करण्यापेक्षा मला हेच पटतं.

तुमचा पेपर मात्र साडेपाच हजारवाल्यावरही वाचता येईल, कारण बातमीचं अक्षर दोन बोटांनी वाढवता येतं. पण ओसरीत, सावलीत. अंगणातल्या उन्हात तो पडदा आरशासारखा चमकतो.

कुठलाही पसंत केलात तरी खोक्यावर किंवा मागे बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) चिन्ह आणि ‘आर’पासून सुरू होणारा आठ आकड्यांचा नंबर शोधा. बीआयएस केअर ॲपमध्ये तो टाकला की कंपनीचं नाव येतं. खोक्यावरच्या नावाशी जुळवा. बिलावर मॉडेल नंबर लिहून घ्या. पट्टीने मोजून बघितलंत की रुंदी किती भरली तेवढं मला कळवा.