दिवाळीनंतरचे दुसरे सत्र: वाचकांचे प्रश्न

दिवाळीची सुट्टी संपून महाविद्यालये उघडली की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. जून-जुलैमध्ये प्रवेश, शुल्क आणि वसतिगृह हे विषय असतात. थंडी पडू लागली की मुले अभ्यासाविषयी आणि स्वतःविषयी लिहू लागतात. या वेळी तीन पत्रे घेतली आहेत. पहिल्या पत्राला जास्त जागा दिली आहे, कारण रसायनशास्त्र शिकवण्याच्या माझ्या ३१ वर्षांत हा प्रश्न दर वर्षी वर्गात बसलेला असे, पण तोंडाने तो क्वचितच कोणी विचारत असे.

प्रश्न: मॅडम, मी बीड जिल्ह्यातल्या एका गावातून पुण्याला बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आले आहे. दहावीपर्यंत माझे माध्यम मराठी होते. अकरावी-बारावीची पुस्तके इंग्रजीत होती, पण आमचे सर मराठीतून समजावून सांगत. येथे सर्व काही इंग्रजीतूनच चालते. पहिल्या सत्रात रसायनशास्त्राचा पेपर फार अवघड गेला आणि निकाल अजून लागलेला नाही. सुट्टीत तीन आठवडे घरी होते, पण वही उघडली नाही. आता नवे विषय सुरू झाले आहेत आणि जुने काहीच आठवत नाही. आधी मागचे पूर्ण करू की नवे धरू? परत येताना एस.टी.त मी सगळी वाट रडत होते. हे कॉलेज सोडून गावाजवळच्या कॉलेजात जावे का?

उत्तर: आधी नवे धर. मागचे पक्के झाल्याशिवाय पुढचे कळणार नाही, हा विचार प्रामाणिक मुलींच्याच मनात येतो आणि त्यांनाच तो सर्वांत जास्त महागात पडतो. माझी एक विद्यार्थिनी दिवाळीनंतर रोज ग्रंथालयात बसून पहिल्या सत्राच्या नोट्स नव्याने लिहून काढत असे आणि त्यासाठी दुसऱ्या सत्राच्या तासांना दांडी मारत असे. संक्रांत आली तेव्हा तिच्याकडे सुंदर अक्षरातल्या दोन वह्या होत्या, आणि वर्गात काय चालले आहे याचा तिला पत्ता नव्हता. त्या वेळी मी तिला वेळेवर हटकले नाही, याची मला आजही रुखरुख वाटते. नव्या सत्राच्या पहिल्या पंधरा दिवसांत सगळा वर्ग एकाच रेषेवर उभा असतो. पुढच्या बाकावरच्या मुलीलाही नवा घटक तुझ्याइतकाच नवा असतो. ही संधी पुन्हा थेट पुढच्या वर्षी येते.

आता न आठवण्याविषयी. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने निरर्थक अक्षरसमूह स्वतः पाठ करून, ते किती वेळाने किती विसरले जातात याची मोजणी केली आणि १८८५ साली ती प्रसिद्ध केली. विसरणे सुरुवातीला झपाट्याने होते आणि नंतर मंदावते, एवढेच त्यातले बहुतेकांना माहीत असते. त्याच मोजणीतली तुझ्या उपयोगाची गोष्ट मात्र वेगळी आहे: जे पूर्ण विसरलो असे वाटते, ते पुन्हा शिकायला पहिल्यापेक्षा कमी वेळ लागतो. म्हणजे पहिल्या सत्रात तू घातलेले तास वाया गेलेले नाहीत.

हे मी प्रयोगशाळेत दर वर्षी पाहत आले. सुट्टीनंतरच्या पहिल्या प्रात्यक्षिकाला मी मुद्दाम जुनेच अनुमापन (टायट्रेशन), म्हणजे एका द्रावणात दुसरे थेंबथेंब सोडून त्याचे प्रमाण मोजणे, ठेवत असे. शंकूपात्रात १० मिलिलिटर ऑक्झॅलिक आम्ल, त्यात रंग बदलून शेवट दाखवणाऱ्या फिनॉल्फ्थॅलीनचे दोन थेंब, आणि वर ब्युरेटमध्ये, म्हणजे तोटी असलेल्या उभ्या मोजनळीत, सोडियम हायड्रॉक्साइड. पहिल्या वेळी जवळजवळ सगळ्यांचे चुकत असे. ब्युरेटची तोटी जरा जास्त फिरे आणि फिकट गुलाबी छटेऐवजी पात्रात गडद गुलाबी रंग उतरे. कोणी द्रावणाच्या वक्र पृष्ठभागाची खालची कड सोडून वरची कड वाचे. दुसऱ्या वेळी हात सावरे, आणि तिसऱ्या वेळी तीच मुले एकेक थेंब सोडत, पात्र फिरवत, रंग टिकतो का हे पाहत शांतपणे उभी असत. पहिल्या सत्रात हेच साधायला त्यांना तीन आठवडे लागले होते. आता तासाभरात साधले. तुझ्या वहीतल्या धड्यांचेही असेच होईल.

म्हणून मागच्या अभ्यासाला रोज पाऊण तास दे, त्याहून जास्त नको. त्या वेळात वही वाचत बसू नकोस. एक कोरा कागद घे, घटकाचे नाव वर लिही, उदाहरणार्थ ‘रासायनिक बंध’, आणि आठवेल तेवढे वही न पाहता उतरव. मग वही उघडून जे सुटले ते वेगळ्या शाईने भर. २००६ साली रोडिगर आणि कार्पिके या अमेरिकेतील संशोधकांनी विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रयोगात, उतारा पुन्हापुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा तो आठवून लिहिणाऱ्यांच्या आठवड्यानंतर अधिक लक्षात राहिला होता. पाच मिनिटांनंतर घेतलेल्या चाचणीत मात्र वाचणारेच पुढे होते, आणि वाचताना ‘सगळे येते’ असे जे वाटते त्याचे कारण बहुधा हेच असावे. कागदावर सुरुवातीला चारच ओळी उतरल्या तरी घाबरू नकोस. आणि सगळे घटक घेऊ नकोस. नव्या सत्रात ज्यांची गरज पडते तेच आधी घे. ते कोणते, हे तुझ्या शिक्षकांना तास संपल्यावर विचार. नवे शिकवायला उभ्या राहिलेल्या शिक्षकाला या प्रश्नाचा राग येत नाही, उलट मूल जागे आहे हे त्याला कळते.

भाषेची अडचण मला त्याहून महत्त्वाची वाटते. तुला रसायनशास्त्र येत नाही असे तुझ्या पत्रावरून मला वाटत नाही. तुला शब्द ओळखू येत नाहीत. दहावीत तू ‘सहसंयुज बंध’ शिकलीस, ‘उत्प्रेरक’ शिकलीस, ‘समस्थानिक’ शिकलीस. वर्गात ‘कोव्हॅलंट बाँड’, ‘कॅटॅलिस्ट’, ‘आयसोटोप’ हे शब्द पडले की तुझे मन पहिल्या शब्दापाशी अडते आणि तोवर शिक्षक तीन वाक्ये पुढे गेलेले असतात. वहीच्या मागच्या पानांवर दोन रकाने आख. एकात इंग्रजी शब्द, दुसऱ्यात मराठी. राज्य शासनाच्या भाषा संचालनालयाचा रसायनशास्त्र परिभाषा कोश या कामी उपयोगी पडेल. रोज पाच शब्द लिहिलेस तरी सत्र संपेपर्यंत बहुतेक अडणारे शब्द तुझ्या ओळखीचे होतील. मराठीतून विचार करण्यात कोणताही कमीपणा नाही. बंध कसा तयार होतो हे मनात मराठीत उलगडू दे, उत्तरपत्रिकेत इंग्रजीत लिही.

एस.टी.त रडू आले याची लाज बाळगू नकोस. घरून आणलेला चिवडा-चकलीचा डबा वसतिगृहाच्या खोलीत उघडला की पहिल्या रात्री घर जास्तच आठवते. तो डबा एकटीने पुरवून खाऊ नकोस; खोलीतल्या मुलींपुढे ठेव. त्यांच्यातही कोणी तरी नांदेडहून किंवा चंद्रपूरहून तशीच आलेली असेल. घरी रोज ठरावीक वेळी फोन कर, पण वर्गातल्या प्रत्येक अडचणीची बातमी त्याच रात्री आईला देऊ नकोस. तिला तिथून काही करता येत नाही आणि तिची झोप मात्र जाते. आठवडे उलटूनही झोप येत नसेल, जेवण जात नसेल, उठून वर्गात जावेसे वाटत नसेल, तर १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर फोन कर. ही केंद्र शासनाची निःशुल्क सेवा आहे, ती चोवीस तास चालते आणि तिथे मराठीतून बोलता येते.

महाविद्यालय बदलण्याचा निर्णय आत्ता, सत्राच्या सुरुवातीला, निकाल हाती नसताना घेऊ नकोस. एखाद्या विषयात राहिलीसच, तरी विद्यापीठाच्या नियमांत बसत असल्यास एटीकेटी, म्हणजे राहिलेला विषय नंतर देण्याची सवलत, घेऊन पुढे जाता येते. निकाल लागताच परीक्षा विभागाचा सूचनाफलक पाहा, कारण उत्तरपत्रिकेची छायाप्रत आणि पुनर्मूल्यांकन यांसाठीची मुदत मोजक्याच दिवसांची असते. नव्या शैक्षणिक धोरणानुसार तू मिळवलेले श्रेयांक (क्रेडिट) अॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्समधील तुझ्या खात्यात जमा होतात आणि साधारणपणे सात वर्षांपर्यंत वापरता येतात. हे सत्र पूर्ण केलेस तर वर्षभराचे श्रेयांक हातात घेऊन तुला उन्हाळ्यात शांतपणे ठरवता येईल. आज निघालीस तर या सत्राचे काहीच हाती लागणार नाही.

प्रश्न: माझा मुलगा कोल्हापूरला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. तुळशीचे लग्न झाले की आमच्या घरात पुतणीचे लग्न आहे, आणि ऊसतोडही सुरू झाली आहे. सत्राचे पहिले पंधरा दिवस वर्गात काहीच शिकवत नाहीत, म्हणून आपण घरीच थांबतो, असे तो म्हणतो. हे खरे आहे का?

उत्तर: खरे नाही, आणि त्याचा हिशेब आपणच मांडून पाहावा. लेखी विषयाचा एक श्रेयांक म्हणजे १५ तासांचे अध्यापन. दोन श्रेयांकांच्या विषयाला सत्रभरात ३० तास मिळतात. ७५ टक्के उपस्थितीची अट धरली तर त्यांतले जास्तीत जास्त सात तास बुडवता येतात. आठवड्याला दोन तास याप्रमाणे पंधरवड्यात चार गेले, तर ताप-खोकल्यासाठी आणि उरलेल्या सर्व लग्नांसाठी तीनच शिल्लक राहतात. प्रात्यक्षिकाचे गणित याहून कडक आहे. आठवड्याला एक याप्रमाणे सत्रात साधारण १५ प्रात्यक्षिके धरली, तर त्यांतली तीनच बुडवता येतात आणि आपला मुलगा सुरुवातीलाच दोन संपवून बसेल. शिवाय प्रात्यक्षिकांच्या तुकड्या पहिल्याच आठवड्यात ठरतात, जोडीदार ठरतात, जर्नलचे पहिले पान लिहिले जाते. उशिरा आलेला मुलगा मग ज्या टेबलावर जागा उरली असेल तिथे उभा राहतो आणि दुसऱ्याची वाचने उतरवतो.

पुतणीच्या लग्नाला त्याने अवश्य यावे. विभागप्रमुखांना आधी लेखी अर्ज द्यावा, चार दिवस घरी राहावे आणि पाचव्या दिवशी परत जावे. ऊसतोडीच्या कामाची आपली अडचण मी समजू शकते. त्यासाठी रविवार आहे, आणि कोल्हापूरहून गाव जवळ असेल तर शनिवारची संध्याकाळही आहे. पण ‘पहिल्या दिवसांत शिकवत नाहीत’ हे वाक्य घरात कोणीही खरे मानू नये, ही माझी आपल्याला कळकळीची विनंती आहे.

प्रश्न: मी वाणिज्य शाखेच्या पहिल्या वर्षाला आहे. दुसऱ्या सत्रासाठी ओपन इलेक्टिव्ह म्हणून मला मानसशास्त्र हवे होते. सुट्टीवरून दोन दिवस उशिरा आले तोवर जागा भरल्या होत्या आणि मला भूगोलाचा विषय मिळाला. आता बदलता येईल का?

उत्तर: ओपन इलेक्टिव्ह आपल्या शाखेबाहेरचाच घ्यावा लागतो, त्यामुळे भूगोल मिळणे नियमाला धरूनच आहे. बदल मात्र अनेक ठिकाणी पहिल्या काही दिवसांत होऊ शकतो, कारण मानसशास्त्र घेतलेल्यांपैकी कोणी तरी वेळापत्रक जुळत नाही म्हणून तो विषय सोडतेच. उद्याच उपप्राचार्यांच्या नावे अर्ज लिही, त्यावर अनुक्रमांक आणि तुकडी घाल, कार्यालयात देऊन त्याची पोच घे. उत्तर येईपर्यंत भूगोलाचा एकही तास बुडवू नकोस. बदल झाला नाही तर उपस्थिती त्याच विषयाची मोजली जाईल. मानसशास्त्राच्या शिक्षकांची परवानगी मिळाल्यास मोकळ्या तासाला त्यांच्या वर्गातही मागे बसून घे, म्हणजे जागा झालीच तर तुझा पहिला आठवडा गेलेला नसेल.