रंकाळ्यापासून जोतिबापर्यंत, पायी

अनेक उत्तम आशीर्वाद.

कोल्हापूरला येऊन निसर्गचित्रं काढायची आहेत, चांगले स्पॉट कळवा, असं तू लिहिलंस. स्पॉट कळवत बसत नाही, एक वाट सांगतो. ती पायीच चाल. गाडीवरून जाताना जोतिबाचा डोंगर पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच दिसतो. चालत निघालं की गावागणिक त्याचा रंग पालटतो, आणि तो पालट टिपणं हेच निसर्गचित्राचं निम्मं काम.

आधी टाऊन हॉल म्युझियममध्ये जा. सोमवार टाळ. तिथे आबालाल रहिमान यांची चित्रं आहेत. आबालाल मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले, पुढे शाहू महाराजांचे दरबारी चित्रकार झाले. महाराज १९२२ साली गेले, आबालाल १९३१ साली. उत्तरायुष्यात ते कोटीतीर्थाच्या काठी राहिले आणि कोटीतीर्थ, रंकाळा, पंचगंगेचा घाट हेच पुन्हा पुन्हा रंगवत राहिले. मुंबई पाहून आलेल्या माणसाला दारासमोरचं पाणी आयुष्यभर पुरलं, याचं मला अजूनही नवल वाटतं.

त्यांचं निसर्गचित्र जवळून बघ. रंगाचे बारीक ठिपके शेजारी शेजारी ठेवलेले दिसतील, एकात एक कालवलेले नाहीत. दोन पावलं मागे सरक, त्याच ठिपक्यांचं पाणी होतं. मोबाईलवर फोटो मात्र काढू नकोस. फोटो खिशात असला की प्रत्यक्ष जागेवर तू चित्राशी जुळणारी चौकट शोधत बसणार.

मग रंकाळा. संध्यामठ आबालालांनी रंगवला, आणि त्यांच्यानंतर कोल्हापुरात ज्याने ब्रश धरला त्या बहुतेकाने रंगवला. पावसाळ्यात तळं भरलं की मठाचे दगडी खांब पाण्यात उभे राहतात, उन्हाळ्यात काठचा चिखल उघडा पडतो. त्यामुळे सगळ्यांनी काढला म्हणून तो जुना झाला, असं मला वाटत नाही. काठावरचा शालिनी पॅलेस १९३४ मध्ये पुरा झाला, म्हणजे तो आबालालांना पुरा झालेला दिसलाच नाही. आता प्रश्न तुझ्यापुढे आहे: पॅलेस घ्यायचा की गाळायचा? माझं मत स्पष्ट आहे. घे. मागच्या इमारती घे, काठावरच्या भेळेच्या गाड्याही घे. ते लोक डोळ्यांसमोरचं गाव रंगवत होते. त्यांच्या वेळचं गाव आज कल्पनेनं रंगवलंस, तर त्यांच्याकडून तू काहीच घेतलं नाहीस असं होईल.

पंचगंगा घाटावर सकाळी लवकर पोहोच. तिथल्या देवळांचं आणि दीपमाळांचं पाण्याशी असलेलं नातं दर महिन्याला बदलतं. राजाराम बंधाऱ्याजवळ नदीची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, हे आकडे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतात. २०१९ च्या महापुरात पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. हा घाट रंगवताना देवळांच्या भिंती नीट न्याहाळ. पाणी चढून उतरल्याच्या खुणा दगडावर रंग होऊन बसलेल्या असतात, वर उजळ आणि खाली काळपट. नुसत्या करड्या रंगाने तो दगड होत नाही.

घाटावरून शिवाजी पूल ओलांडलास की गाव सुटतं. वडणगे, केर्ली, कुशिरे, मग गायमुख आणि डोंगर. जोतिबाला पायी जाणारे लोक पिढ्यान् पिढ्या याच बाजूने जातात. डिसेंबर-जानेवारीत ये. उसाला तुरे आलेले असतात, गुऱ्हाळं चालू असतात आणि चुलवाणाचा धूर थंडीमुळे वर न जाता उसावरच पसरून राहतो. त्या धुरामुळे मागचं झाड फिकट होतं, त्यामागचं आणखी फिकट. दूर-जवळचा फरक रंगाने कसा दाखवायचा, हे वर्गात समजावून माझा घसा बसायचा; इथे पोरांना तो न सांगता दिसे. नदीकाठची काळी जमीन डोंगर जवळ येईल तशी तांबूस होत जाते, तेही बघत जा. सकाळी ऊन तुझ्या पाठीशी असतं, त्यामुळे डोंगराची घळ न् घळ उठून दिसते. दुपार कलल्यावर ऊन समोर येतं, तपशील बुडतो आणि सगळा डोंगर एका निळसर पट्ट्यात मिटतो. एकाच जागेवरून दोन्ही वेळा काढून बघ. आणि वर पोहोचल्यावर देवळाच्या काळ्या दगडावर गुलाल बसलेला दिसेल. तो गुलाबी रंग ट्यूबमधून थेट लावलास तर फसशील, दगडाचा काळा त्याच्या खालून जाणवला पाहिजे.

सामान थोडं घे. लहान स्केचबुक, पेन्सिल, चार-पाच जलरंग, पाण्याची बाटली. स्टँड नको, बांधावर बसता येतं. शेतात शिरण्याआधी मालकाला विचार. बहुतेक जण रस प्यायला लावतील, नाही म्हणू नकोस, आणि काढलेलं चित्र त्यांना दाखव. ऊन कुठून येतं, झाड तोडलेलं की वाळलेलं, हे त्यांना अचूक कळतं आणि ते तोंडावर सांगतात.

परतल्यावर पायात त्राण असेल तर राजारामपुरीत चंद्रकांत मांडरे यांचं संग्रहालय बघ. सिनेमातला हा देखणा नट निसर्गचित्रांत किती रमला होता ते तिथे कळेल. घर आणि चित्रं दोन्ही त्यांनी शासनाला देऊन टाकली. त्यांचं पावडर शेडिंग, म्हणजे कोरडी पूड घासून केलेलं छटाकाम, सावकाश बघण्यासारखं आहे.

यायची तारीख ठरली की कळव. केर्लीपर्यंत मीही सोबत चालेन, पुढचा चढ तू एकट्याने चढायचा. येताना मागच्या वर्षीचं स्केचबुक आण, त्यातल्या झाडांबद्दल मला बोलायचं आहे.

तुझे,
सर