मकारोव्ह पिस्तूल ही वॉल्थरची नक्कल आहे का?

तुम्ही विचारलंय की मकारोव्ह म्हणजे जर्मन वॉल्थर पीपीची रशियन नक्कलच असेल, तर ते सैन्यात इतकी वर्षं टिकलं कसं.

नक्कल नाही. बाहेरून मात्र तसं वाटतं खरं. वॉल्थर पीपी १९२९चं, त्याचं छोटं भावंड पीपीके १९३१चं. सांगाड्यात पक्की बसवलेली नळी, नळीभोवती स्प्रिंग, आणि पहिल्या गोळीला नुसता चाप ओढला की घोडा (मागचा, ठोका देणारा भाग) उठून आपटणार, ही सगळी मांडणी मकारोव्हने तिथूनच घेतली. पण आतलं काम वेगळ्या डोक्याने केलेलं आहे.

कुडाळला आमचं परवान्याच्या बंदुका दुरुस्त करायचं दुकान आहे, वडिलांपासूनचं. येतात त्या बहुतेक शेती संरक्षणाच्या परवान्यावरच्या ठासणीच्या नाहीतर बारा बोअरच्या. रानडुकरांपासून भात राखायला घेतलेल्या. मकारोव्ह आमच्या बाकावर येणं शक्यच नाही, सामान्य परवान्यावर ते बोअर, म्हणजे नळीचं माप, मिळत नाही. पण ठासणीच्या बंदुकीत घोड्याला जोर देणारी पट्टीची स्प्रिंग असते आणि पावसाळ्यानंतर गंजून तुटलेल्या अशा स्प्रिंगा मी कायम बदलत असतो. त्यामुळे मकारोव्हचं छेदचित्र पाहिलं तेव्हा नजर आधी तिथेच गेली.

वॉल्थरमध्ये घोड्यासाठी गुंडाळीची स्प्रिंग आहे. मकारोव्हमध्ये मुठीच्या आत, मागच्या बाजूला एकच पट्टी उभी आहे. वर तिला दोन पाती. रुंद पातं घोड्याला रेटतं. अरुंद पातं चापाकडून येणाऱ्या दांडीला आणि घोडा उचलणाऱ्या तरफेला दाबून धरतं. तिचं खालचं टोक मॅगझिनचा, म्हणजे मुठीतल्या गोळ्यांच्या डब्याचा, खटका दाबून ठेवतं. तीन कामं, एक पट्टी! शेवटची गोळी सुटल्यावर स्लाइड (नळीवरचा मागेपुढे सरकणारा भाग) मागे अडवणारा जो तुकडा आहे, त्यालाच रिकामं काडतूस बाहेर उडवणारं टोक काढलंय. फायरिंग पिनला, म्हणजे काडतुसाच्या बुडावर टोचणाऱ्या सुईला, तर स्प्रिंगच नाही, ती मोकळी हलते. सेफ्टी वर केली की उठलेला घोडा सुरक्षित खाली येतो, आणि घोडा, स्लाइड दोन्ही अडकतात. साफसफाईसाठी उघडायला स्क्रू-ड्रायव्हर लागत नाही. मॅगझिन काढायचं, चापाभोवतीची कडी खाली ओढून बाजूला टेकवायची, स्लाइड पूर्ण मागे नेऊन मागचं टोक उचलायचं, झालं.

मला वाटतं, ते टिकलं ते यामुळेच. एका तुकड्यावर दोन-तीन कामं टाकली की भाग कमी होतात, आणि कमी भाग म्हणजे बिघडायला कमी जागा. वजन रिकामं ७३० ग्रॅम, लांबी १६१ मिलिमीटर, मॅगझिनमध्ये ८ गोळ्या.

इतिहास थोडक्यात. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत अधिकाऱ्यांकडे टोकारेव्हचं टीटी पिस्तूल होतं. गोळी वेगवान, पण पिस्तूल लांब, आणि वेगळी सेफ्टीच नाही, घोडा अर्धा चढवून ठेवायचा एवढंच. युद्धानंतर नव्या पिस्तुलासाठी स्पर्धा झाली. कोरोविन, सिमोनोव्ह यांच्यासारखे नावाजलेले लोक त्यात होते आणि जिंकलं ते निकोलाय मकारोव्हचं डिझाइन. १९५१ साली ते सैन्याने स्वीकारलं, उत्पादन इझेव्हस्कला.

मकारोव्हचं ९×१८ काडतूस (९ मिलिमीटरची गोळी, १८ मिलिमीटरचं कवच) समजून घेतलंत तर बाकी सगळं उलगडतं. टीटीच्या जोरदार काडतुसाला नळी आणि स्लाइड क्षणभर एकमेकांत अडकवून ठेवावी लागत. इथे दाब इतपतच ठेवलाय की स्लाइडचं वजन आणि स्प्रिंग यांच्यावरच भागतं, अडकवायची यंत्रणा लागत नाही. म्हणून नळी हलत नाही, आणि हलत नाही म्हणून नेमही चांगला. नाव ९ मिलिमीटर असलं तरी गोळीचा व्यास सुमारे ९.२७ आहे, म्हणजे नाटोच्या ९ मिलिमीटर पॅराबेलम काडतुसाच्या गोळीपेक्षा जाड. दोन्ही काडतुसं एकमेकांच्या पिस्तुलात चालत नाहीत.

उणिवा आहेतच. पहिल्या गोळीचा चाप जड. मॅगझिनचा खटका मुठीच्या बुडाशी, त्यामुळे बदलायला वेळ जातो, अर्थात चुकून दाबला जायची भीतीही नाही. आणि बुलेटप्रूफ जाकिटापुढे ही गोळी कमी पडते. त्यासाठी पुढे जास्त दाबाचं काडतूस आणि १२ गोळ्यांचं मॅगझिन घेऊन पीएमएम, म्हणजे सुधारलेलं मकारोव्ह, आलं, आणि २००३ मध्ये रशियाने यारिगिनचं पिस्तूल स्वीकारलं. ते नाटोच्या पॅराबेलमच्याच मापाचं आहे, आणि त्यात नळी पुन्हा स्लाइडमध्ये अडकवावी लागलीच.