तरंगत्या पवनचक्क्या आणि चाळीस लाखांचं कर्ज

प्रश्न : मुलगी रत्नागिरीत मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. समुद्रात तरंगणाऱ्या पवनचक्क्यांवर स्कॉटलंडमध्ये एमएस्सी करायचं म्हणते. चाळीस लाखांचं कर्ज काढावं का? – एक पालक

उत्तर : क्षेत्र खरं आहे, पण कर्जाची घाई नको. साधारण ६० मीटरपेक्षा खोल पाण्यात समुद्रतळात खांब रोवणं परवडत नाही; तिथे तरंगत्या पायावर चक्की उभारून ती साखळ्या आणि नांगरांनी धरून ठेवतात. स्कॉटलंडने २०२२मध्ये १७ समुद्री क्षेत्रं प्रकल्पांना दिली, त्यांत तरंगत्यांचा वाटा मोठा.

मात्र वारा जिथला, रोजगारही तिथलाच, असं होत नाही. ॲबर्डीनजवळच्या किंकार्डिन प्रकल्पाचे पाये स्पेनमध्ये बांधले, त्यांवर चक्क्या चढवल्या रॉटरडॅमला आणि मग ते ओढत स्कॉटलंडला नेले. स्कॉटलंडच्याच पीटरहेडसमोरच्या हायविंड प्रकल्पाची (२०१७, ३० मेगावॅट) जुळणी नॉर्वेत झाली. २०२४मध्ये मोठ्या दुरुस्तीसाठी पाचही चक्क्या परत नॉर्वेलाच न्याव्या लागल्या. डुलत्या चक्कीचं बेअरिंग डुलत्या जहाजावरच्या क्रेनने बदलणं जिकिरीचं. त्यापेक्षा केबल आणि साखळ्या सोडवायच्या, शांत समुद्राचे दिवस गाठायचे आणि ओढत बंदरात आणायची. त्यासाठी खोल धक्का, अवजड क्रेन आणि ऐसपैस मोकळी जागा लागते. असं बंदर ज्याचं, पैसा त्याचा. आता कुठे स्कॉटलंडमधल्या निग बंदरात समुद्री केबलचा कारखाना उभा राहतोय.

म्हणून कोर्सच्या नावावर जाऊ नका, अभ्यासक्रम उघडून बघा. लाटांचा भार, वेल्डच्या जोडांचं फटीग (सततच्या हेलकाव्यांनी धातू थकणं), मूरिंग (साखळ्या-नांगरांनी धरून ठेवणं), चक्कीबरोबर हलणारी केबल हे विषय नसतील तर तो कोर्स सोडा. हेच सगळं गेट ही प्रवेशपरीक्षा देऊन आयआयटी मद्रास किंवा खरगपूरच्या ओशन इंजिनिअरिंगमध्ये फार कमी खर्चात शिकता येतं. शिवाय ते समुद्रातल्या तेल-वायूच्या फलाटांना आणि जहाजबांधणीलाही चालतं, त्यामुळे मुंबई, हझिरा हे पर्याय उघडे राहतात. दरम्यान तिने ऑर्काफ्लेक्स (मूरिंग आणि केबलच्या गणितांचं सॉफ्टवेअर) आणि पायथन या प्रोग्रामिंग भाषेची ओळख करून घ्यावी.

तरीही जायचंच असेल तर हिशेब नीट मांडा : १ जानेवारी २०२७पासून अर्ज करणाऱ्या मास्टर्सधारकांना शिक्षणानंतर ब्रिटनमध्ये नोकरी शोधायला १८ महिनेच मिळतील. परतल्यावरचं चित्र असं, की केंद्राने २०२४मध्ये ७,४५३ कोटींची योजना मंजूर केली ती गुजरात आणि तमिळनाडूतल्या प्रत्येकी ५०० मेगावॅटसाठी, आणि तीही तळात रोवलेल्या चक्क्यांची.

एजंट आत्ताच जीडब्ल्यूओ या पवनऊर्जा उद्योगाच्या संस्थेचं सुरक्षा प्रशिक्षण गळ्यात मारतील. घेऊ नका, त्याची मुदत दोन वर्षांत संपते, आणि तिची पदवीच अजून हातात नाही.