टेक्नॉलॉजी फी भरली, पण ती गेली कुठं?

प्रश्न: नमस्कार काका, मी खानापूर तालुक्यातनं रोज बसनं बेळगावला येते, बीसीए सेकंड इयर. आमच्या पावतीवर "टेक्नॉलॉजी फी १२०० रुपये" असा वेगळा कॉलम आहे. लॅबमध्ये ३० कॉम्प्युटर मांडलेत पण चालू होतात ११, एका माऊसवर आम्ही तिघी. यूपीएसची बॅटरी कधीच मेलीय, लाईट गेली की टाईप केलेला सगळा प्रोग्राम गेला. विचारलं की "फंड नाही" म्हणतात, आणि यंदाच केबिनमध्ये नवीन एसी आणि भिंतीएवढा टीव्ही बसलाय! हे पैसे कशावर खर्चायचे याला काही नियम आहे की नाही? मावसभाऊ सिअ‍ॅटलला वॉशिंग्टन विद्यापीठात शिकतो, तिथं म्हणे पोरंच ठरवतात. — एक विद्यार्थिनी

उत्तर: पोरी, आधी हिशोब घालू. वर्गात ६० धरले तर तीन वर्षांची मिळून १८० पोरं, गुणिले १२००, म्हणजे वर्षाला २ लाख १६ हजार. एवढ्यात १९ बंद मशीन उघडून बघणं आणि यूपीएसला बॅटऱ्या घालणं होतंय की नाही, हे गल्लीतला कॉम्प्युटर रिपेअरवाला पण सांगेल, त्याला सीए लागत नाही.

आता खरी गोष्ट. मी एका कॉलेजच्या अकाउंट्स सेक्शनला अख्खी नोकरी काढली, तिथं सगळा खेळ "हेड"चा असतो. ज्या नावानं पैसा घेतला त्या नावाचं लेजरमध्ये पान असतं, जमा एका बाजूला, खर्च दुसऱ्या. मार्चएन्डला त्या पानावर शिल्लक दिसली की वरनं चिठ्ठी येते, "जनरलला वळवा", म्हणजे कॉलेजच्या सामाईक फंडात टाका. मी स्वतः लॅबचे पैसे कंपाऊंडच्या भिंतीला वळवलेली एन्ट्री माझ्या हातानं लिहिलीय, लाल शाईनं, आणि त्या दिवशी डबा गोड लागला नाही.

म्हणून एसी का घेतला असं विचारू नको. एसी जनरल फंडातनं घेतला असेल तर तुला फक्त राग येऊ शकतो, हरकत घेता येत नाही. विचारायचं एवढंच की बिल कुठल्या हेडमधनं पास झालं.

टॅक्स आणि फी यांत फरक आहे, हे सुप्रीम कोर्टानं १९५४ मध्ये शिरूर मठाच्या केसमध्ये सांगितलंय (आपल्या उडुपीकडचाच मठ तो!), फी ही काहीतरी सेवा देण्यासाठी घ्यायची असते. खाजगी कॉलेजांना सुप्रीम कोर्टाच्याच २००२ च्या टीएमए पै निकालानं संस्थेच्या वाढीसाठी थोडी शिल्लक ठेवायची मुभा दिली, पण नफेखोरी आणि कॅपिटेशन (प्रवेशासाठी ठरलेल्या फीवर उकळलेले पैसे) नाही. कॅपिटेशन फीवर तर कर्नाटकात १९८४ चा कायदाच आहे. माझ्या मते मशीन, रिपेअरी, एएमसी (वर्षाचा देखभालीचा करार), सॉफ्टवेअर लायसन्स, इंटरनेट हे टेक्नॉलॉजी फीत बसतं, लॅब अटेंडंटचा पगार ओढूनताणून बसतो, केबिनमधला टीव्ही कसाही ओढला तरी बसत नाही.

करायचं काय? पहिल्यांदा प्रॉस्पेक्टस काढ. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोग) २०२३ च्या विद्यार्थी तक्रार निवारण नियमांप्रमाणे फीचा एकेक भाग त्यात छापायला लागतो, आणि कबूल केलेली सोय न देणं, जाहीर केल्यापेक्षा जास्त पैसे मागणं या दोन्हीची तक्रार चालते. कॉलेजमध्ये तक्रार निवारण कमिटी असायलाच लागते, तिनं १५ कामकाजी दिवसांत रिपोर्ट द्यायचा, नाही पटलं तर विद्यापीठाच्या लोकपालाकडं (विद्यार्थ्यांच्या तक्रारींचं अपील ऐकणारा अधिकारी) १५ दिवसांत अपील. तक्रार मराठीत दे, सरकारी अधिकाऱ्याकडं गाऱ्हाणं राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत मांडता येतं असं घटनेचं ३५० वं कलम आहे, कोण तोंड वाकडं करत असेल तर करू दे.

आरटीआय, म्हणजे माहिती अधिकाराचा अर्ज, मात्र मराठीत घालू नको, इथं आपली माणसं फसतात. कायद्यात इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाची राजभाषा असं लिहिलंय, म्हणजे आपल्याकडं कन्नड. कर्नाटकात एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्द, फी १० रुपये, पोस्टल ऑर्डर चालते. लिही की टेक्नॉलॉजी फी हेडची तीन वर्षांची जमा आणि खर्च, बिलांच्या झेरॉक्स आणि लॅबच्या स्टॉक रजिस्टरची पानं द्या. रजिस्टर विसरू नको, कारण बिल कुणी पण आणून लावतंय, पण रजिस्टरला सिरियल नंबर लागतो आणि तो नंबर मशीनच्या पाठीमागं चिकटवलेला असतो, वाकून बघितलं की झालं. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील.

मावसभाऊ सांगतो ते खरं आहे. तिथं टेक्नॉलॉजी फी लावायलाच विद्यार्थी संघटनेची संमती लागते, पोरांची कमिटी प्रपोजल मागवून पैसे वाटते, त्यातनं लॅपटॉप उसने पण मिळतात. आपल्याकडं तक्रार कमिटीत एक विद्यार्थी असतो, तो पण विशेष निमंत्रित म्हणून, आणि आपला तो विद्यार्थी प्रतिनिधी कोण हे वर्गातल्या किती जणांना माहीत असतंय सांग बघू?

प्रश्न: मुलगा निपाणीकडं विनाअनुदानित कॉलेजला आहे, तिथं आरटीआय चालतो का? आणि अर्ज घातला म्हणून इंटरनल मार्क कापले तर? — एक पालक

उत्तर: साहेब, सरकारी पैशावर चालत नसेल तर थेट सहसा चालत नाही. पण विद्यापीठाला किंवा शिक्षण खात्याला दुसऱ्या कायद्यानं त्या कॉलेजकडनं जी माहिती मागता येते ती तुम्ही त्यांच्याकडनं मागू शकता, आरटीआय कायद्याचं कलम २(एफ). यूजीसीच्या नियमातली तक्रार कमिटी तिथं पण लागू आहे.

मार्कांची भीती खोटी नाही, मी बघितलंय ते. म्हणून मुलाच्या नावानं घालूच नका. आरटीआय कुठलाही नागरिक घालू शकतो आणि का पाहिजे ते सांगावं लागत नाही, तेव्हा अर्ज त्याच्या मामाच्या नावानं, स्पीड पोस्टनं, आणि पोचपावती जपून ठेवा.