विहीर शेजाऱ्याची, नोटीस तुम्हाला

प्रश्न : एकाच गटात माझ्या दोन पोल्ट्री शेड आहेत, प्रत्येकी ४,००० ब्रॉयलर. पिल्लं, खाद्य, औषधं कंपनीची. शेड, वीज आणि राबणं आमचं. विहिरीचं पाणी नासलं म्हणून शेजाऱ्याने तक्रार केली. ‘संमती नाही, फार्म बंद का करू नये?’ अशी प्रदूषण नियंत्रण मंडळाची नोटीस आली आहे, मुदत १५ दिवस. कोंबडीपालन शेतीच ना? कंपनी म्हणते, परवानग्या तुमच्या तुम्ही बघा.
– एक वाचक, नाशिक जिल्हा

उत्तर : ‘हा शेतीपूरक धंदा आहे’ एवढंच लिहून पाठवू नका, ते टिकणार नाही. पूर्वी लाख पक्ष्यांच्या आतल्या फार्मना संमतीतून, म्हणजे मंडळाच्या लेखी परवानगीतून, सूट होती. राष्ट्रीय हरित लवादाने सप्टेंबर २०२० मध्ये ती फेरतपासायला लावली. केंद्रीय मंडळाच्या नव्या मार्गदर्शक सूचनांनुसार ५,००० ते २५,००० पक्ष्यांच्या फार्मनाही १ जानेवारी २०२३ पासून संमती लागते. एका जागेवरचे पक्षी एकत्र मोजतात, म्हणजे तुमचे ८,०००. एक शेड भावाच्या नावावर दाखवायचा सल्ला कुणी दिला, तर ऐकू नका.

संमतीचा अर्ज आजच करा आणि त्याची पोच उत्तराला जोडा. बंदीचा आदेश जल (प्रदूषण प्रतिबंध) कायद्याच्या कलम ३३अ खाली निघतो आणि त्यात वीजही तोडता येते. आत पिल्लं असताना वीज गेली तर काय होईल, हे मी तुम्हाला सांगायला नको.

खरा प्रश्न विहिरीचा आहे. ओलं लिटर (शेडमधला विष्ठा मिसळलेला भुसा) उघड्यावर पडलं आणि वर पाऊस झाला, की नायट्रेट झिरपत खाली जातं. मेलेल्या पक्ष्यांचा खड्डा विहिरीजवळ असेल, तर तोही आधी हलवा. विहिरीत घाण जाऊ देणं त्याच कायद्याच्या कलम २४ नेच मना आहे. लिटर पक्क्या ओट्यावर, छपराखाली ठेवा, फोटो काढा, शेजाऱ्याला सोबत घेऊन पाण्याचा नमुना सरकारी प्रयोगशाळेत द्या. अहवाल तुमच्या विरोधात गेला तरी चालेल. ते पाणी त्यांच्या घरात प्यायलं जातं. शिवाय भरपाईसाठी लवादाच्या पुणे खंडपीठाकडे जायला त्यांना पाच वर्षांची मुदत आहे.

कंपनीची भूमिका मला अन्यायाची वाटते. पक्षी त्यांचे, किती भरायचे हेही तेच ठरवतात, आणि घाण तेवढी तुमची. तरी करारात परवानग्या तुमच्यावर टाकल्या असतील, तर मंडळापुढे कंपनीकडे बोट दाखवून चालणार नाही. लिटर आणि मरतुक (मेलेले पक्षी) यांच्या विल्हेवाटीचा खर्च कंपनीकडे लेखी मागा. उद्या प्रकरण लवादात गेलं, तर कंपनीलाही पक्षकार करा म्हणताना तेच पत्र उपयोगी पडेल. संमती हाती येईपर्यंत पुढची बॅच घेऊ नका.